पुढच्या टोकाचा जयवंत

साकीनाक्याच्या एका ओतशाळेत जयवंतने आणि मी १९५२ ते ५८ एकच बादली उचलली. वितळलेल्या बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, बादली लांब दांड्याच्या मधोमध बसवलेली असते. पुढच्या टोकाला जयवंत, मागच्या टोकाला मी. भट्टीपासून साच्यापर्यंत पंचवीस पावलं. दोघांचं पाऊल एकदम पडायला लागतं, नाहीतर बीड पायावर येतं.

हा माणूस नाचात गेला. अंधेरीत विद्याधर नावाच्या माणसाने नाचाचं पथक काढलं होतं, तालीम एका गोदामात चालायची. पडद्याला बांधायची बिडाची वजनं पोचवायला जयवंत तिथे गेला आणि दोन तास परतला नाही. त्या नाचात घुंगरू नव्हते, देव नव्हते, गाणंही नव्हतं. एक ढोल आणि माणसं. त्यानंतर पाळी सुटली की तो वाकोल्याच्या खोलीवर न जाता अंधेरीला जाऊ लागला. आठ तास भट्टीपुढे, वर तीन तास तालीम. अशी चार वर्षं. एक दिवस चुकवला नाही.

ओतशाळेत चेष्टा व्हायची. "नाच्या इलो रे, वाट सोडा," भट्टीवरचा लवू म्हणायचा.

"सोड तर. नायतर तुझ्या पायार नाचतलंय," जयवंत म्हणायचा आणि दांडा उचलायचा.

अठ्ठावन्नच्या जानेवारीत गोष्ट अडली. पथक चार महिन्यांच्या दौऱ्यावर निघणार होतं आणि विद्याधर कायमची माणसं निवडणार होता. धरणावरच्या मजुरांचा नाच बसवला होता. त्यात जयवंतने पथकातल्या उत्तराला खांद्यावर बसवून उभं राहायचं, सहाव्या ठोक्याला तिचे पाय सोडायचे. ती मागच्या मागे कोसळणार, मागचे चौघे तिला झेलणार. हात सुटायला अर्धा ठोका उशीर झाला की ती तिरकी पडते. जयवंतचा उशीर रोज होत होता. मंगळवारी तिचा खांदा फरशीवर आदळला.

बुधवारी त्याने मला तालमीला नेलं. "सहदेवा, तू नुसता बघ. माझं काय चुकतं ते यांना सांगता येत नाही."

वाळूचं पोतं त्याने ऐंशी वेळा खांद्यावर घेतलं, ऐंशी वेळा ठोक्यावर सोडलं. मग उत्तरा चढली. हात उशिरा सुटला. चौघांनी तिला कशीबशी धरली.

"तू मला वाचवायला जातोस आणि तूच पाडतोस," ती म्हणाली.

"मुद्दाम करत नाही गं."

"मुद्दाम केलं असतंस तर भांडले तरी असते."

विद्याधर शांतपणे म्हणाला, "रविवारी प्रयोग आहे. शनिवारपर्यंत जमलं नाही तर हे काम चंद्रप्रकाश करेल. दौऱ्यावरही तोच येईल."

मी आणखी दोनदा बघितलं. सोडायच्या आधी जयवंतची मान किंचित मागे वळत होती. तेव्हा कळलं. पुढच्या माणसाला बादली दिसत नाही, ती त्याच्या पाठीशी असते. साच्यापाशी आलं की मागचा माणूस "ठेव" म्हणतो. तोवर पुढच्याने मूठ उघडायची नाही, हात भाजला तरी नाही. पोत्याला जीव नसतो, ते तो सोडत होता. माणूस म्हटला की माझ्या हाकेची वाट बघत होता.

मी हे सांगितलं. विद्याधर म्हणाला, "प्रयोगात आवाज चालणार नाही."

"ढोल असतो ना, लोकांना ऐकू जाणार नाही. मी त्याच्या डोक्यावरच असते, मी 'ठेव' म्हणेन," उत्तरा म्हणाली.

"तुझ्या आवाजाने सुटेल?" जयवंत म्हणाला.

"नाही सुटला तर मान माझी मोडेल. तू कशाला घाबरतोस?"

शनिवारी वीस वेळा केलं. चौदा वेळा बरोबर, सहा वेळा चुकलं. विसात सहा चुकणारा माणूस ओतशाळेत दांड्याला लावत नाहीत. विद्याधरने उत्तराकडे बघितलं. ती म्हणाली, "हाच."

रविवारी शाळेच्या मैदानात फळ्यांचा मंच होता. मी बाजूला उभा होतो. जयवंतने तिला उचललं. माणसं पाहून ढोलवाल्याला चेव चढला होता, फळ्या थरथरत होत्या. चौथा ठोका. पाचवा. तिचे ओठ हलले. जयवंतची मान मागे वळली. त्याला ऐकू गेलं नव्हतं. "ठेव" माझ्या ओठांवर आलं होतं, पण ठोका चुकीचा पकडला तर तिची मान जाणार. मी दात आवळून धरले.

सहावा पडला आणि मुठी उघडल्या. ती सरळ मागे गेली, चौघांच्या हातांत.

नंतर मी विचारलं, "ऐकलंस?"

"नाही. तिचं वजन मागे गेलं ते खांद्याला कळलं."

"मग आधी का कळत नव्हतं?"

"आधी मी ऐकत बसलो होतो."

सोमवारी तो पाळीला आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याबरोबर बादली उचलली, मग दौऱ्याचं सांगायला मुकादमाकडे गेला.

मुकादम म्हणाला, "चार महिन्यांनी आलास तर घेणार नाही."

"नका घेऊ," जयवंत म्हणाला आणि हात धुवायला नळावर गेला.