विचारून वापरा

इरा आणि नील,

मागच्या शनिवारी इराने विचारलं, "आजी, तुझं नेट हल्ली अडकत कसं नाही?" मी म्हटलं, वायर बदलली. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं आज लिहिते, कारण सकाळपासून शेजारच्या फ्लॅटमध्ये फरशा फोडायचं काम सुरू झालंय, आणि त्या भिंतीपलीकडे कोण राहत होतं हे तुम्हाला सांगणारं माझ्याशिवाय कुणी नाही.

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेण्यात माझी सगळी नोकरी सरली. कुणी काही अद्भुत सांगायला लागलं की मी विचारायचे, "रीडिंग पुन्हा घेतलंस का?" या गोष्टीचं रीडिंग मला पुन्हा घेता आलेलं नाही...

आपला कोथरूडचा फ्लॅट तुम्हाला आठवत असेल. हॉलमध्ये टीव्हीच्या वर राउटर, आणि टीव्हीमागची भिंत शकूआजीच्या घराची. शकू माझ्याच वयाची, तीही एकटीच. माझं दही बिघडलं की मी तिच्याकडून चमचाभर विरजण आणायचे, तिचं बिघडलं की ती माझ्याकडून न्यायची. नेटचंही तेच. एकमेकींचे पासवर्ड आम्ही आपापल्या टॅबलेटमध्ये घालून ठेवले होते. तिच्या नेटवर्कचं नाव होतं 'विचारून वापरा'.

"अगं, नेटवर्कला असं नाव देतात का?"

"दाराबाहेर पाटी लावली तर सेक्रेटरी काढायला लावतात. इथे कोण अडवतंय?"

मग मीही खरोखर विचारायचे. शनिवारी तुमच्या कॉलच्या वेळी माझं नेट गेलं की भिंतीवर टकटक — "शकू, वापरू का गं?" पलीकडून आवाज यायचा, "वापर. तुझं नेट म्हणजे आपली लिफ्ट, आली तर आली."

दिवाळीनंतर शकू गेली. तिच्या भाच्याने सामान हलवलं, राउटरही नेला, वीज तोडून घेतली. जिन्याखाली तिच्या मीटरची जागा रिकामी आहे, येता-जाता दिसते.

त्यानंतर माझं नेट जास्तच त्रास द्यायला लागलं. राउटर खाली ठेवून पाहिला, दाराजवळ ठेवून पाहिला, मायक्रोवेव्हपासून लांब नेला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रॅक्टिकलचा नियम पाळून. तुमचा बाबा दर वेळी विचारायचा, "आई, रीस्टार्ट केलंस का?" कंपनीचा माणूस आला की सगळं सुरळीत चालायचं, आणि शनिवारी पुन्हा तुमचे चेहरे अर्ध्या हसण्यात थिजलेले. नील, एकदा तू कंटाळून उठून गेलास आणि नेमकं तेव्हाच चित्र सुरू झालं. तुझी रिकामी खुर्ची मला अगदी स्वच्छ दिसली.

रात्री बाबाचा मेसेज आला. "आई, मुलांना असं बसवून ठेवणं जमत नाही गं. मीच तुला फोन करत जाईन, त्यांचं सगळं सांगेन." चांगल्या मनानेच लिहिलं होतं त्याने. पण हा शनिवार सुटला तर यापुढे तुम्ही मला फक्त त्याच्या तोंडून कळणार, एवढं मला समजलं.

मी लिहिलं, "अजून एक शनिवार दे. इरा मला मराठी वाचून दाखवणार आहे."

त्या शनिवारी दुपारी जेवण आटोपून मी वेळेआधीच बसले. कॉल लागला, इराने पुस्तक उघडलं, पहिलं वाक्य वाचलं — आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. मी उठून राउटरचा प्लग काढला. जरा थांबून परत लावायचा, म्हणून तो हातात धरूनच टॅबलेटकडे पाहिलं. आजूबाजूच्या नेटवर्कची नावं दिसत होती. सगळ्यांच्या वर, पूर्ण रेंजमध्ये... 'विचारून वापरा'.

भीती नाही वाटली. आधी मनात आलं, शकू परत आली वाटतं. मग आठवलं.

नावावर बोट ठेवलं. 'कनेक्ट होत आहे' एवढंच दिसत राहिलं, होईना. पुन्हा ठेवलं, तरी होईना. मग... सवयीने म्हणा, मी भिंतीवर टकटक केली आणि मोठ्याने म्हणाले, "शकू, वापरू का गं?"

पलीकडून उत्तर आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. पण टॅबलेट जोडला गेला, आणि इराचा आवाज आला, "आजी? आजी, तू गेलीस का?"

"नाही गं. इथेच आहे. वाच."

इरा, तू ती गोष्ट शेवटपर्यंत वाचलीस. नील मागे येऊन उभा राहिला. "कावला नाही, कावळा."

"मग तूच वाच ना."

आणि नील, तू वाचलंस. तेवढ्या वेळात चित्र एकदाही अडकलं नाही. माझ्या राउटरचा प्लग माझ्या मांडीवर होता, आणि टॅबलेटमध्ये सिमकार्ड नाही.

कॉल संपला, तसं ते नाव दिसेनासं झालं.

मग मी माझ्या पद्धतीने तपास केला. आमच्या विंगमध्ये घरोघर विचारलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "काकू, असं नाव आपल्यात फक्त तुम्हालाच सुचेल." समजा, कुणी नाव तेच ठेवलं, पण पासवर्डही तोच? शकूच्या भाच्याला फोन केला. तिचा राउटर खराडीला त्याच्या माळ्यावर खोक्यात बंद आहे. एकटीने राहून मला भास झाला म्हणावं, तर कॉल तुम्हीही पाहिलात. बाबाने कॉल बंद करायचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

पुढच्याच आठवड्यात कंपनीच्या माणसाला गच्चीवर खारीने कुरतडलेली वायर सापडली. ती बदलल्यापासून माझं नेट नीट आहे. तरी अधूनमधून दुपारी भिंतीवर टकटक करून मी विचारून पाहिलं. काही नाही. गरज उरली नाही, म्हणून असेल... खरं म्हणजे, मला माहीत नाही. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि नसताना ते आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आता पलीकडे नवे लोक येतील. त्यांच्या नेटवर्कला ते त्यांचं नाव देतील.

टॅबलेटमधून शकूचं नेटवर्क मी काढून टाकलेलं नाही. आणि माझं दही शेवटचं बिघडलं होतं तेव्हा विरजण तिच्याकडूनच आणलं होतं. ते मी संपू दिलेलं नाही. आजही त्याचंच दही लागलंय.

— आजी