एकटीला खोली

नगरात मी खोल्या शोधत फिरत होते, तेव्हा घरमालक खोली दाखवायच्या आधी मला बघून घेत. चपला बघत, कपाळ बघत, मग माझ्या खांद्यावरून मागे बघत. मागे कोणी पुरुष नाही असं दिसलं की खोली कालच कोणाला तरी दिलेली असे.

बँकेत कारकून म्हणून लागून मला थोडेच महिने झाले होते. घर कोपरगावचं. वडील साखर कारखान्यात. त्यांनीच हौसेने मला लहानपणी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं होतं, आणि पाहुणे आले की माझ्याकडून इंग्रजी कविता म्हणवून घेत. नोकरी नगरला लागली तेव्हा त्यांच्या बहिणीकडे, माझ्या आत्याकडे, राहायचं ठरलं. पण आत्याची लेक दसऱ्यानंतर बाळंतपणाला येणार होती आणि मग त्या दोन खोल्यांत मला जागा उरणार नव्हती. वडील म्हणाले, "तोवर नीट जागा मिळाली तर राहा. नाहीतर राजीनामा देऊन घरी ये." ते कधी आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

म्हणजे खोली मिळाली तर नोकरी राहणार होती. नाहीतर कोपरगाव, आणि तिथे माझ्यासाठी काय मांडून ठेवलं होतं ते मला ठाऊक होतं.

आत्या म्हणाली, "पाट्या वाचत फिरू नको. दळण घे आन् गिरणीत जा. कुनाची खोली रिकामी झाली, कुनाची व्हनार, समदं तिथं कळतं." मी डबा घेऊन गेले. पिठाच्या धुरळ्यात बायका मोठमोठ्याने बोलत होत्या आणि मला एकीलाही विचारायचं धाडस होईना. शाळेत मला नम्रपणे आभार मानायला शिकवलं होतं, अनोळखी बाईला हटकायला नाही. शेवटी त्यांनीच मला हटकलं. "कुनाची गं तू?" मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. स्टेशन रोडला जागा मोठ्या, पण भाडं साहेब लोकांचं. माळीवाड्यात स्वस्त, पण पाणी खालून आणायचं. सावेडीला नवी घरं होतायत, पण तिथं रात्री कोल्हे ओरडतात. मी सगळं ध्यानात ठेवलं आणि माळीवाड्यापासून सुरुवात केली.

माळीवाड्यातला मालक ओट्यावर बसून दाढी करत होता. त्याने आरसा खाली न ठेवता विचारलं, "कोन कोन ऱ्हानार?"

"मी."

"आन्?"

"मीच."

त्याने आत हाक मारली. "अगं ए, हिकडं ये. ही एकटीच ऱ्हाती म्हनं." बायको पदराला हात पुसत आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नवऱ्याला विचारलं, "घरच्यांनी हाकलली का काय?"

"मी बँकेत नोकरी करते," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की तिला तो ऐकू आला नसावा.

"आमी एकट्या बाया ठेवत न्हाई, ताई," तो म्हणाला आणि गालाला पुन्हा फेस लावायला लागला.

त्याच गल्लीत, आमच्याच बँकेतल्या एका अविवाहित कारकुनाला एका दुपारीत खोली मिळाली होती. तो कोणत्या गावचा, रात्री किती वाजता येतो, त्याला घरच्यांनी हाकललंय का, कोणी विचारलं नव्हतं. तो मला हसत सांगत होता, "नगरात जागा मिळणं अगदी सोपं आहे हो." मी टेबलावरचे कागद उगाचच सारखे करत राहिले.

दिल्ली दरवाजाच्या आतल्या घरात तर बाई फार सभ्य होत्या. मला पाटावर बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, नळाला दिवसाआड पाणी येत होतं, तरी भांडं काठोकाठ भरून दिलं. माझी मराठी त्यांना जरा वेगळी वाटली. कुठे शिकलात, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली. बोर्डिंगात कुंकू लावायची सवय सुटली ती सुटलीच होती.

"तुम्ही मिशनातल्या का हो?"

"का?" मी विचारलं.

"नाही, आमचं तसं काही म्हणणं नाही. माणसं चांगलीच असतात ती. पण हौद सगळ्यांचा एकच आहे ना."

आडनाव सांगितलं असतं तर खोली मिळाली असती. ते माझ्या जिभेवर होतं. पण त्या भांड्यातलं पाणी मी अर्धं प्यायले होते आणि बाई आता त्या भांड्याकडे बघत होत्या. घासून घ्यावं की टाकून द्यावं, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चालला होता. मला संताप आला. मी उठले, नमस्कार केला आणि बाहेर पडले. रस्त्यात आल्यावर मला सगळी उत्तरं सुचली. मला उत्तरं नेहमी रस्त्यात आल्यावरच सुचतात.

मग एका रविवारी आत्या म्हणाली, "सावेडीला एक खोली हाय. माझ्या वळखीचं घर. मागची खोली, दार निराळं, नळ दारात. आन् भाडं पंचवीस." पंचवीस रुपयांत असं काही मिळत नाही हे मला तोवर कळलं होतं, पण दसरा जवळ आला होता. आत्याने मला तिची निळी साडी नेसायला लावली आणि स्वतःच्या हाताने कुंकू लावलं. दिल्ली दरवाजाची हकिकत तिला मी सांगितली होती, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही.

सावेडीचं घर विटांचं, नवं, बाहेरून गिलावा व्हायचा राहिलेला. मालकीणबाई नेवाशाकडच्या, थोराड, हसतमुख. त्यांचे यजमान निवृत्त मास्तर होते, ते कोपऱ्यात गप्प बसले होते. आणि खुर्चीवर एक तरुण होता, टेरिलिनचा शर्ट घातलेला, पाटबंधारे खात्यात नोकरीला. तो मालकीणबाईंचा भाचा हे मला सांगितलं गेलं, पण मी त्यातून एवढाच अर्थ घेतला की खोलीला दुसरं गिऱ्हाईक आहे. नात्यातलं, शिवाय पुरुष. माझं काही खरं नव्हतं.

म्हणून त्या दिवशी मी बोलले. जन्मात बोलले नव्हते तेवढं बोलले. मालकीणबाईंनी विचारलं, स्वयंपाक येतो का, तर मी म्हणाले, येतो, आणि धूर करत नाही. त्यांनी विचारलं, चष्मा कधीपासून, तेही सांगितलं. घरमालक काहीही विचारतात याची मला सवय झाली होती. पोहे समोर आले, तेही मी त्यांच्या चांगुलपणाच्या खात्यात टाकले. तो तरुण एकदा खाकरला तेव्हा मला वाटलं, आता हा मागणी घालणार खोलीला, म्हणून मी घाईघाईने म्हणाले, "मी पाणी फार कमी वापरते. दोन बादल्यांत माझं सगळं भागतं."

"काटकसरी हाय पोरगी," मालकीणबाई आत्याला म्हणाल्या. आत्याचा चेहरा फुलला.

"खोली बघू का?" मी विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग मालकीणबाई मला मागे घेऊन गेल्या. खोलीत कांद्याची पोती होती, पण उजेड छान होता, पूर्वेला खिडकी होती, आणि दाराला आतून भक्कम कडी. मला ती खोली तेव्हाच हवीहवीशी झाली.

"दोघांना पुरंल की न्हाई?" त्या म्हणाल्या. "पुढं लेकरूबाळ झालं तर बघू."

मी वळून बघितलं. तो तरुण दारात उभा होता. माझा चेहरा बघून त्याचा उतरला. "तुम्हाला सांगितलं नव्हतं?" त्याने विचारलं.

परत येताना टांग्यात मी आत्याकडे बघत होते. मग तीच चिडली. "अशी काय बघती माझ्याकडं? मुलगा काय वाईट हाय? सरकारी नोकरी, घरची जिरायत, सासू न्हाई."

"बाबांना माहीत आहे?"

"त्याला इचारल्याबिगर मी करीन व्हय? तोच म्हनला, खोली बघायच्या निमित्तानं ने, न्हाईतर ती येनार न्हाई."

टांगेवाला कान देऊन ऐकत होता. मला त्याची पर्वा वाटली नाही, आणि हे मला नवीन होतं.

"अगं, तूच सांग," आत्या म्हणाली, "आख्खं नगर पालथं घातलंस. एकटीला कुनी दिली खोली? दिली का? मग मी तुला खोलीच दाखवली ना?"

तिचं म्हणणं बरोबर होतं, याचाच मला सर्वांत जास्त राग आला. या गावात खोलीचं खरं भाडं नवरा होतं. ते आगाऊ भरलं की मग पंचवीस रुपये. आणि माझ्याकडून कविता म्हणवून घेणाऱ्या माणसाने हा व्यवहार मला न विचारता, हळू आवाजात, पुरा करत आणला होता.

दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर मी एकटी सावेडीला गेले. वाटभर वाक्यं जुळवली होती, ती दारात पोचल्यावर पार विसरले. मालकीणबाई अंगणात शेंगा फोडत होत्या.

"काय गं? रुकार द्यायला आलीस व्हय?"

"नाही. मला लग्न करायचं नाही. मला खोली पाहिजे."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आगं बया! आमच्या पोराला न्हाई म्हनती, आन् वर खोली मागती! लई शहानी हायेस की."

"तुमच्या भाच्यात काही खोट नाही," मी म्हणाले. "पण मला खोलीच पाहिजे."

"तो बी तसलाच. रातच्यालाच सांगून गेला, फसवून आनलेली नको म्हनून. दोघांनी मिळून माझं नाक कापलं." त्यांनी दोन-चार शेंगा चिडून फोडल्या. मग आतल्या मास्तरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "पंचवीस घरच्या मानसाला सांगितलं हुतं. भाडेकरूला पंचेचाळीस."

"ठीक आहे."

"कांदं हलवायला मानूस लागंल, त्याची मजुरी तू देशील."

"देईन."

"दोन बादल्या पानी म्हनलीस, दोनच मिळंल. बापभाऊ सोडून पुरुष मानूस यायचं न्हाई. आन् खोलीला माझं कुलूप ऱ्हाईल. एक चावी माझ्याकडं."

पंचेचाळीस रुपये म्हणजे त्या काळी दोन खोल्यांचं भाडं होतं. ते मी ऐकून घेतलं, मजुरी ऐकून घेतली, पाणी ऐकून घेतलं. "कुलूप माझं," मी म्हणाले. "चावी कोणाला मिळणार नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली नाही.

"घाल तुझं कुलूप," त्या म्हणाल्या. "त्यात काय ठेवनार हायेस येवढं, देव जानं."

दसऱ्याच्या आधी मी ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन तिथे गेले. आत्या पोचवायला आली नाही. वडील पुढच्या रविवारी कोपरगावहून आले, दारात चपला काढल्या आणि खोली बघितली. खिडकी उघडून बघितली, कडी लावून बघितली. मी चहा ठेवला. त्यांनी भाडं विचारलं, मी सांगितलं. "फार आहे," ते म्हणाले.

"एकटीचं एवढंच असतं," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. त्या टेरिलिनच्या शर्टाबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. विचारण्याची पाळी त्यांची होती, आणि ती मी त्यांना चुकवू देणार नव्हते. निघताना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तुझ्या आईला पाठवतो."

"आधी मला विचारा," मी म्हणाले.

ते थांबले. चपलेत एक पाय होता, एक बाहेर. मग त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "बरं. पाठवू का?"

"कळवते," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.