अनघाच्या पानातलं वरण

अनघाचं नाव निघालं की आमच्या नेदरलँड्समधल्या, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या बिल्डिंगमधल्या बाकी चारही मराठी घरांत किस्से सुरू होतात. पहिल्या लॉकडाऊनमध्ये कुणाकडे काही घडतच नव्हतं. फक्त अनघाला दिवस गेले होते. त्यामुळे ते नऊ महिने आम्ही सगळ्यांनी मिळून काढले, असा आमचा ठाम समज आहे.

*

बातमी कळली तशी मी डिंकाचे लाडू घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. तिची आई पुण्यात, विमानं बंद. म्हटलं, आता आपणच आई. डबा पायपुसण्यावर ठेवला आणि नियमाप्रमाणे दीड मीटर मागे सरकले.

"वैशालीताई, मला हे चालत नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, असली थेरं आता बंद, दोन जिवांची आहेस तू. मग तिने शांतपणे सांगितलं. तिला जन्मापासून पीकेयू आहे. प्रोटीनमधला एक घटक तिच्या शरीराला पचवताच येत नाही, तो रक्तात साठतो. म्हणून डाळ, दूध, दाणे, पनीर कायमचं बंद. भातसुद्धा मोजून, आणि प्रोटीनची भरपाई म्हणून दिवसातून तीनदा एक वासट औषधी पेय.

"रक्तातला त्याचा आकडा वाढला तर माझं डोकं जड होतं, एवढंच. पण बाळाच्या मेंदूवर आणि हृदयावर जातं."

मी डबा उचलून घरी आले आणि चार लाडू एकटीने संपवले. रडताना मला फार भूक लागते.

*

तिचा नवरा निखिल आयटीतला. किचनच्या टेबलावर दिवसभर मीटिंगा आणि शेजारी वजनकाटा. एकदा कॅमेरा चालू राहिला. त्याच्या डच मॅनेजरने विचारलं, दहा मिनिटं झाली, तू एकाच बटाट्याचे तुकडे का मोजतोयस? निखिलने खरं काय ते सांगितलं. पुढच्या मीटिंगची सुरुवातच मॅनेजरने "आज बटाटा किती ग्रॅम?" अशी केली.

*

साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, हे कळल्यावर आम्हाला हुरूप आला. उपवासाचं म्हणजे आपलं राज्य! मी खिचडी केली, तिच्या दारात नेऊन ठेवली. तिने झाकण उघडलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

दाण्याचं कूट. घरातून निघेपर्यंत "कूट नाही, कूट नाही" असं घोकत होते, पण हाताला कोण सांगणार? पुढच्या दोन आठवड्यांत उरलेल्या तिन्ही घरांनी हाच पराक्रम केला. शेवटी चारही घरच्या कुटाच्या बरण्या आम्ही सायकलींच्या खोलीत ठेवल्या.

*

दर सोमवारी ती बोटाला टोचून कार्डावर रक्ताचे थेंब घ्यायची. निखिल सायकलवरून जाऊन ते कार्ड हॉस्पिटलच्या लॅबसाठी पोस्टात टाकायचा. मग तिथल्या डाएटिशियनचा आकडा सांगणारा फोन येईपर्यंत आमच्यापैकी कुणाचं कामात लक्ष नसे.

चौथ्या महिन्यात आकडा चढला. आम्ही एकमेकींकडे संशयाने पाहू लागलो. डाएटिशियनने विचारलं, काय जास्त खाल्लंस? आणि अनघा रडायलाच लागली. उलट्या होत होत्या, त्यात भीतीने तिने होतं तेही खाणं कमी केलं होतं. डाएटिशियन म्हणाली, तू उपाशी राहिलीस की शरीर स्वतःचंच मांस मोडून खातं, आकडा त्यानेच वाढतो.

तूप आणि साखर मात्र तिला चालत होती. त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये जेवढं तूप कढलं, तेवढं माझ्या लग्नातसुद्धा कढलं नसेल. आकडा उतरला.

*

डोहाळजेवण खालच्या अंगणात झालं. दीड-दीड मीटरवर खुर्च्या, ओटी भरायला टेबलावर ताट, आणि खुर्चीला टेकवलेल्या आयपॅडवर पुण्याची आई. तिने लेकीला आयुष्यभर काट्यावर मोजून वाढलेलं. सणासुदीलाही त्या पानात वरण कधी पडलं नव्हतं.

त्याच सकाळी डाएटिशियनचा फोन आला होता. आकडा फारच खाली आहे, थोडं प्रोटीन वाढवा. बाळाचं लिव्हर आता कामाला लागलंय, ते आईच्या वाटचं पचवतंय. आज दोन चमचे डाळ चालेल.

निखिलने काट्यावर मोजून एक चमचा वरण तिच्या भातावर घातलं. अनघाने घास तोंडात धरून ठेवला.

"कसं लागतं गं?" आईने विचारलं.

"आई, गोडसर लागतं."

निखिल दुसरा चमचा घेऊन थांबला होता. अनघाने त्याला हाताने थोपवलं, पोटाकडे बघितलं आणि विचारलं, "काय रे, अजून एक पचेल का?"

आम्ही सगळे बघत बसलो. मग तिने दचकून पोटावर हात ठेवला.

"लाथ मारली?" पुण्याहून आवाज आला.

"हो."

"मग वाढ त्याला."