चिंचेखालची जागा

धाकलू, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे तुला लिहायला मी धजते आहे.

सत्तावीस साली भिसेगावात आमच्या आळीत सात नवे बंगले उठले, त्यांतला एक आमचा. चिरा, वाळू, कौलं सगळं तूच आणलंस, तुझ्याच बैलगाडीतून. तुझं घर तिथं आधीपासूनचं. समोर चिंचेखाली गाडी जू वर करून उलाळून ठेवायचास, बैल चाकाला बांधायचास. घराला अंगण नव्हतंच. वाट हेच अंगण.

बंगल्यांत माणसं राहायला आली आणि त्यांना शेणाचा वास यायला लागला. माझे वडील, अण्णा, सगळ्यांत पुढे.

"रस्ता काय तुझ्या बापाचा रे?"

"बापाची वाट व्हती, अण्णा. रस्ता तुमी केलात."

"उद्यापासून गाडी इथं दिसता कामा नये."

"मग निजताना उशाला घेऊ का?"

मी ओट्यावर हसले. माझं धाडस तेवढंच. त्याच आठवड्यात, आळीत बैलगाड्या उभ्या करायला मनाई व्हावी, असा अर्ज अण्णांनी सांगितला आणि मी लिहिला. आळीत बी. ए. मी एकटी. 'आरोग्यास अपायकारक' हे शब्द माझे. त्यांचं फार कौतुक झालं.

महिन्याभरात हुकूम आला. तो वाचून घ्यायला तू माझ्याकडेच आलास. मी वाचला. माझेच शब्द, मान वर करून.

"ताय, तुमी शिकलेल्या. माजा बी अर्ज लिवा. एका गाडीपुरती जागा द्या म्हनावं."

"लिहिते. सोमवारी ये."

सोमवारी अण्णा घरात होते. म्हणून पुढचा सोमवार. असे चार झाले. तोवर तू गाडी आणि बैल लांब नदीकाठी ठेवत होतास. तिथंच एका रात्री एका बैलाला पान लागलं, साप डसून तो गेला. दारात असता तर त्याची धडपड तुला ऐकू आली असती. एका बैलावर गाडी चालत नाही. दुसरा विकलास आणि स्टेशनावर ओझी उचलायला लागलास.

पुढच्या वर्षी अण्णांनी मोटार घेतली. फाटकातून ती आत जाईना, म्हणून चिंचेखाली उभी राहिली. तेलाचे डाग पडले. आरोग्याचं कुणी काढलं नाही. मोटारीला वळसा घालून तू आपल्या घरात शिरायचास.

एकदा थांबलास. "ताय, त्या अर्जाचं?"

"आता बैल कुठं आहेत तुझे?"

"जागा मिळू द्या. बैल बघीन मी."

मी पुन्हा सोमवार सांगितला. त्या दिवशी खरोखर दौत घेऊन बसले. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' इतकं लिहून झालं, तोच अण्णांनी मोटार पुसायला फडकं मागितलं. मी उठले ती परत बसले नाही. तू पायरीवर होतास.