इंदरगंजातला दरबार

येसाजीकाका आमच्या घरी आलेले असले की दुसऱ्या कुणालाही गुपचूप आत येता येत नसे. ग्वाल्हेरच्या दौलतगंजात आम्ही माडीवर राहायचो. जिना अरुंद, लाकडी. चढणाऱ्याचं पाऊल वरपर्यंत ऐकू यायचं. त्या पावलावरून काका माणूस ओळखत आणि चहाची बशी खाली ठेवून, बसल्या जागेवरून पुकारत, "दूधवाले रामभरोसे, मुरारवाले, येत आहेत होऽऽ!"

रामभरोसे आधी चिडला. आईला म्हणाला, "माँजी, जे कक्का हमाई हँसी उड़ात हैं का?" आई ओशाळली. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, "अरे भाई, हँसी काहे की? तुम रोज आते हो, कोई तुम्हारा नाम लेता है?" त्यानंतर रामभरोसे पायरीवर क्षणभर थांबायला लागला. पुकारा झाला की मुंडासं नीट करून आत यायचा. काका नसले तर विचारायचा, "आज कक्का नाहीं हैं?" आणि दूध घालून मुकाट्यानं निघून जायचा.

येसाजीकाका हे दरबारचे चोपदार. त्यांचे वडील चोपदार, आजोबाही चोपदार. महाराज दरबारात येताना चांदीची काठी हातात धरून पुढं चालायचं आणि ललकारी द्यायची, कोण कोणत्या मानाचा सरदार आला ते पुकारायचं, आणि शेवटी महाराजांनी किंचित मान हलवली की दरबार बरखास्त झाल्याचं जाहीर करायचं, हे त्यांचं काम. माणूस ठेंगणा, सावळा, मिशा पांढऱ्या. चालताना तुमच्या-आमच्यासारखाच दिसायचा. आवाज लावला की अंगानं दुप्पट व्हायचा. मी एकदा विचारलं, "काका, एवढा आवाज येतो कुठून?" तर म्हणाले, "नरड्यातून काढला तर दारापर्यंत जातो. बेंबीतून काढला तर किल्ल्यापर्यंत. तू सचिवालयात आहेस ना, तुला नरड्याचाही लागत नाही. तुझं सगळं कुजबुजून."

हे खरंच होतं. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, तेव्हा दरबारच्या खात्यांतले आमच्यासारखे लिहिणारे लोक नव्या सचिवालयात सामावले गेले. आजोबा महाराजांच्या खासगी खात्यात होते, वडील त्याच खात्यात होते, मी सरकारात गेलो. टेबल बदललं, एवढंच. पण चोपदाराला नव्या राज्यात सामावून घ्यायला जागाच नव्हती. मंत्री येतात तेव्हा कुणी पुकारत नाही. काकांना थोडं निवृत्तिवेतन मिळालं. ते पुरत नाही हे ते कधी बोलले नाहीत, पण हळूहळू ते जेवायच्या वेळेला आमच्याकडं येईनासे झाले. चहाच्या वेळेला मात्र येत.

जहागिरी गेल्या आणि सरदारांच्या घरांतून वस्तू बाहेर पडायला लागल्या. बिलोरी झुंबरं, चित्रं, तलवारी, पानदानं, हत्तीच्या झुली. इंदरगंजात मुन्नालाल सेठ म्हणून एका व्यापाऱ्यानं लिलावघर काढलं. सेठ हुशार. त्यानं काकांना बोली पुकारायला ठेवलं. "चोपदारजी, आपकी आवाज़ में माल राजसी लगता है," असं तो त्यांच्या तोंडावर म्हणायचा.

लष्कर भागातल्या मराठी मंडळींनी काकांना टोमणे मारले. "काय येसाजीराव, काल महाराजांची ललकारी, आज पिकदाणीची?" काका हसत. "पिकदाणी तीच आहे साहेब. कालही तिथंच होती, तुम्ही वर बघत होता म्हणून दिसली नाही." ते लिलावालाही पगडी घालूनच जात. नुसतं "एक झुंबर, बोला" असं त्यांनी कधी म्हटलं नाही. वस्तू कुठल्या घरातली, कुठल्या समारंभात निघायची, हे दोन वाक्यांत सांगत आणि ते खरं असेल तेवढंच सांगत.

आता माझ्या घरची गोष्ट. वडील वारले होते. धाकटी बहीण सुमन हिला इथल्याच मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या नात्यागोत्यात मुलगी डॉक्टरीला जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्याच पावसाळ्यात राज्यं पुन्हा मोडून नवी होणार, राजधानी भोपाळला जाणार, हे नक्की झालं. मला भोपाळला जावं लागणार, आई माझ्याबरोबर येणार, म्हणजे सुमनला वसतिगृहात ठेवायचं. माझ्या पगारात दोन बिऱ्हाडं होणं शक्य नव्हतं. घरातल्या थोरांनी सुचवलं, "एक वर्ष थांबू दे, मग बघू." ते एक वर्ष म्हणजे काय, हे सुमनला कळत होतं. दोन दिवस ती प्रवेशाचं पत्र उशाशी घेऊन पडून होती.

तिसऱ्या दिवशी आईनं कपाटातून तन्मणी काढला. मोत्यांचे सर आणि मध्ये खोड, म्हणजे हिऱ्यांचं पदक. राणीसाहेबांनी महालातल्या हळदीकुंकवाला माझ्या आजीच्या गळ्यात स्वतःच्या हातानं घातलेला. आईनं तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "सुमीला काही बोलू नकोस. येसाजीभावजींना विचार."

काकांनी तन्मणी हातात घेतला नाही. नुसता पाहिला, नमस्कार केला. म्हणाले, "दत्तू, दिल्लीचे जवाहिरे पुढच्या महिन्यात एकटेच येणार आहेत, सरदार नसतील. त्या दिवशी ठेव."

मी हट्ट धरला. येत्या लिलावाला सगळे सरदार येणार होते, एका मोठ्या घराची चित्रं निघणार होती. मला वाटलं, या दागिन्याची किंमत ज्यांना कळते ते हेच लोक. आपल्या माणसांत तो चढ्या भावानं जाईल आणि जाईलही चांगल्या गळ्यात. खरं सांगायचं तर, आमच्या आजीला राणीसाहेबांनी काय दिलं होतं हे चारचौघांत पुकारलं जावं, अशीही माझी इच्छा होती. काका म्हणाले, "आपल्या माणसांत बोली लागत नाही रे." मला ते पटलं नाही. शेवटी ते म्हणाले, "बरं. वस्तू तुझी."

श्रावणातला दिवस होता. सेठनं दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या, जसा जो येईल तसा बसेल म्हणून. पण सरदार मंडळी आली ती आपोआप दरबारातल्या मानानं बसली. उजवीकडचे उजवीकडं, डावीकडचे डावीकडं, मधली वाट मोकळी. दिल्लीहून दोन जवाहिरे आधीच आले होते. त्यांतला एक चुकून पुढच्या खुर्चीवर बसला होता. काकांनी त्याला नम्रपणे उठवलं. "लालाजी, यह कुर्सी भरी हुई है."

"कहाँ भरी है? खाली तो पड़ी है!"

"आ रहे हैं," काका म्हणाले. आणि सगळ्यांत वरच्या मानाचे थोरले सरदार काठी टेकत येऊन त्या खुर्चीवर बसेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

चित्रं गेली, एक झुंबर गेलं. चित्रांना सरदारांपैकी कुणी बोली लावलीच नाही, दिल्लीवाल्यांनीच घेतली. मग तन्मणी निघाला. काकांनी माझ्या आजीचं नाव पुकारलं, राणीसाहेबांचं पुकारलं. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. माझा ऊर भरून आला होता आणि तेवढ्यात थोरले सरदार मोठ्यानं म्हणाले, "पोरीच्या शिक्षणासाठी आहे ना? दोनशे!"

त्यांच्या मनात फक्त माया होती. दागिना विकत घेऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली असतील. त्यांच्या काळातले दोनशे म्हणजे मोठी रक्कम. पण आता तेवढ्यात मधलं खोडसुद्धा आलं नसतं.

थोरल्यांनी शब्द टाकल्यावर त्याच्यावर शब्द टाकायचा, हे त्या खोलीत कुणाच्या हातून होणार नव्हतं. उजवीकडच्या दुसऱ्या सरदारांना तो तन्मणी हवा होता. त्यांनी आदल्या दिवशी माणूस पाठवून चौकशी केली होती. ते खाली जाजमाकडं बघत राहिले. आणि दिल्लीवाले? त्यांनी पाहिलं की माहीतगार लोक तोंड मिटून बसलेत. मालात काही खोट असणार, अशी त्यांची समजूत झाली. एकानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघंही मागं रेलले.

"दोनशे, एक वार," काका म्हणाले.

सेठ अस्वस्थ झाला. त्यानं काकांना खूण केली, लांबवा.

"दोनशे, दोन वार."

मला सुमनचा चेहरा दिसत होता. मी ओरडून लिलाव थांबवायला हवा होता. मालक मीच होतो. पण माझ्याही तोंडून शब्द फुटेना. थोरल्यांच्या बोलीनंतर मी कसा बोलणार? म्हणजे मीही त्याच दरबारात उभा होतो.

काकांनी तिसरा वार पुकारला नाही. त्यांनी टेबलावरची हातोडी बाजूला सरकवली. पगडी दोन्ही हातांनी नीट केली, पाय जुळवले, आणि कधी ऐकला नव्हता असा आवाज त्या खोलीत उठला, "दरबाऽऽर बरखास्त!"

सगळे सरदार एकदम उभे राहिले. विचार करून नव्हे, पायच उभे राहिले त्यांचे. थोरले सरदारही काठीवर भार देऊन उठले. सवयीनं सगळ्यांनी समोर वाकून मुजरा केला. समोर मुन्नालाल सेठ बसला होता. तो दचकून उठला आणि हात जोडून उलट सगळ्यांना वाकायला लागला. "अरे सरकार, अरे हुज़ूर, यह क्या…" दिल्लीवाल्यांना काही कळेना. तेही उभे राहिले.

काका साध्या आवाजात म्हणाले, "आता बसा मंडळी. कुठंही बसा. हा बाजार आहे."

कुणीतरी आधी हसलं. मग मंडळी बसली ती खरोखरच मिळेल तिथं. थोरल्यांच्या शेजारी डावीकडच्या शेवटच्या मानाचे एक तरुण सरदार येऊन बसले. थोरल्यांनी काकांकडं डोळे बारीक करून पाहिलं.

"म्हणजे येसाजी, आता माझ्यावर कुणीही बोलू शकतं?"

"जी सरकार."

"मग आधी मीच बोलतो. तीनशे. माझं ऐकायची सवय आहे ना सगळ्यांना, ऐका आता!"

खोलीत हशा पिकला. उजवीकडचे दुसरे सरदार बोलले. तो तरुण बोलला. दिल्लीवाले खुर्चीच्या कडेला आले. त्या गदारोळात बोली कुठल्या कुठं गेली. शेवटी तन्मणी दिल्लीलाच गेला, आपल्या माणसांत राहिला नाही. पण सुमनची सगळी वर्षं निघतील एवढं आलं.

परतताना मी आणि काका नई सडकेवरून चालत होतो. मला आभार मानायचे होते. काकाच बोलले.

"शेवटच्या दरबारात ही ललकारी झालीच नाही, दत्तू."

"म्हणजे?"

"इशारा मलाच व्हायचा असतो. महाराजांनी मान हलवायची, मी पुकारायचं. त्या दिवशी माझ्याकडं कुणी बघितलंच नाही. सगळे विलीनीकरणाच्या कागदांकडं बघत होते. मग कोट-पाटलोणवाले उठले, सरदार उठले, फोटोवाला उठला. मी आपला काठी धरून उभा."

"मग?"

"मग काय, झाडूवाला आला."

थोडं चालून ते म्हणाले, "त्यामुळं माझ्या लेखी दरबार चालूच होता."

तेव्हा मला कळलं की माझ्या हट्टानं मी या माणसाकडून काय खर्च करवलं. ते ओझं माझ्यावर आजही आहे. कारण त्याची किंमत त्यांनी पुढं मोजली. दसऱ्याला चार-पाच घरांतून शमीपूजनाच्या वेळी ललकारी द्यायला त्यांना बोलावणं यायचं, शेला-विडा मिळायचा. त्या दसऱ्याला थोरल्यांचं घर सोडलं तर एकाही घराचं आलं नाही. एका घरच्या कारभाऱ्यांनी भर चौकात, माझ्यादेखत, त्यांना गाठलं. "चोपदार, बरखास्तीचा हुकूम कुणाचा होता?"

"कुणाचाच नव्हता, कारभारी," काका म्हणाले. "वाट पुष्कळ बघितली."

मी तिथं मध्ये पडायला हवं होतं. मी जोड्यांकडं बघत राहिलो.

सुमन आज डॉक्टर आहे. बाळंतपणं करते, तिच्या दवाखान्यात मुलींची रांग लागते. काका गेले तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती. वसतिगृहातून ती दर आठवड्याला त्यांच्याकडं जात असे, शेवटच्या आजारात रोज जायची. मला मात्र भोपाळहून निघता आलं नाही. रजा मागितली असती तर मिळाली असती, हेही इथं लिहून टाकतो.

माझी त्यांची शेवटची भेट झाली ती ग्वाल्हेरच्या स्टेशनावर. दिवाळी झाली होती. सचिवालयातली निम्मी माणसं त्याच गाडीनं भोपाळला निघाली होती. फलाटावर ट्रंका, वळकट्या, रडणारी पोरं. आईला डब्यात बसवून मी खाली उतरलो आणि काकांच्या पाया पडलो. पडल्यावर उठवेना. म्हणालो, "काका, माझ्या हट्टापायी तुमचा दरबार मोडला."

त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "मोडला म्हणू नकोस. त्या सगळ्या म्हाताऱ्यांना मी उगाच ताटकळत ठेवलं होतं. कुणीतरी त्यांना घरी जा म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून निघत नव्हतं. सुमीच्या निमित्तानं निघालं. मीच तिचे उपकार मानायचे."

"आणि तुम्ही, काका?"

"मी?" ते म्हणाले. "मीही गेलो घरी. पगडी खुंटीला लावली, भाकरी खाल्ली आणि झोपलो. बरी झोप लागली रे."