ओढ्यापल्याड गेलेला उंदीर

जतजवळच्या माळावर त्या हिवाळ्यात मी उंदरांवर काम करत होते. पिंजऱ्यात आलेल्या उंदराच्या कानात नंबराची बारीक पट्टी लावायची, त्याला सोडायचं आणि पुन्हा तो किती लांब सापडतो ते मोजायचं. जे सापडत नसत, ते मेले असं मी धरून चाले.

मेंढ्या घेऊन एक बाई रोज तिथून जायची. धुक्यातून आधी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या, मग ती दिसायची. एका सकाळी तिनं झाकणाचा डबा माझ्यापुढं धरला. आत ज्वारीच्या दाण्यांवर माझा एक हरवलेला उंदीर बसला होता.

"ओढ्यापल्याड घावला. आमी मेंढरं बसवतो तितं."

मोबाइलवर अंतर मोजत मी तिच्यामागं गेले. जवळजवळ किलोमीटर भरलं.

"एवढ्या लांब कशापायी आला असंल गं?"

"नर आहे, मावशी. ते वयात आले की लांब जातात. माद्या बहुतेक आईच्या आसपासच राहतात."

"पोरी आईजवळ?" ती थांबली. "माजी आई हाय अजून. लय वर्सं झाली, गेलेच न्हाई."

मग तिनं डबा आडवा केला. उंदीर गवतात शिरला.

दुसऱ्या दिवशी मेंढ्यांमागं तिचा नवरा होता.

"काय झालं कुणाला ठावं, ताई. पैल्या यष्टीनं आईकडं गेली. कडेगावला."

"लांब आहे?"

"लांब कुटलं? तीन तासांत पोचती."