एकही ठिपका नाही

आमच्या धाकट्याला सगळे डागवाला म्हणायचे. मोठ्या लॉन्ड्रीत डाग काढायच्या टेबलावर त्याचं अख्खं आयुष्य गेलं. शाई, गंज, रक्त, मशीनचं तेल, काय वाटेल ते. घरी जेवायला बसला तरी नजर समोरच्याच्या कॉलरवर. मी त्याची थोरली बहीण. माझा नवरा गेल्यापासून त्याच्याच घरात, मागच्या खोलीत राहते. माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तरी ही एक गोष्ट मी आजवर पोटात ठेवली.

त्याच्या बायकोचे डोळे जात होते. कडेकडेने अंधारत यायचं आणि मध्ये जेमतेम ताटाएवढं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, दोन वर्षं निघतील, फार तर तीन. घरी येताना धाकट्याने तिला विचारलं, "तुला काय बघायचंय? कुठे जायचंय? सांग." माझी भावजय म्हणजे मुलखाची अबोल. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण स्वतःसाठी तिने कधी काही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "लहानपणी मामाच्या घरामागे, झाडांच्या सावलीत फॉक्सग्लव्हची फुलझाडं यायची. माझ्यापेक्षा उंच. एका दांड्याला खालपासून वरपर्यंत घंटा, बोटात घालाव्यात अशा. मी घातलंही होतं बोट. मामीने पाठीत धपाटा दिला, विषारी असतात म्हणून. पण आत बघण्यासारखं असतं हो." 

आमच्या मागच्या अंगणात ऊन यायचं नाव नाही. एका बाजूला आमची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गोदामाची. कपडे वाळायला दोन दिवस लागतात. त्या ओलसर कोपऱ्यात काही येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण नर्सरीवाला म्हणाला, या झाडाला सावलीच मानवते. रोपं मात्र त्याच्याकडे नव्हती, बी होतं. धाकट्याने पाकीट आणलं. बी कसलं, नुसती धूळ. खसखस त्याच्यापुढे जाडी वाटावी. मी म्हटलं, "शिंकू नकोस बाबा, बाग उडून जाईल."

त्याने वाफा केला, दगड वेचले, बी पेरलं आणि वरून माती घालून फळीने दाबून दाबून सपाट केली. आयुष्यभर लॉन्ड्रीत राबलेला माणूस, त्याने मातीलाही इस्त्री केली. मग रोज पाणी. उगवलं काहीच नाही. उन्हाळा सरला तेव्हा नर्सरीवाल्याने सांगितलं, या बीला उजेड लागतो, ते झाकायचं नसतं, मातीवर नुसतं भुरभुरायचं. एक वर्ष गेलं. दुसऱ्या कुणाचं गेलं असतं तर गेलं असतं, पण आमच्याकडे वर्षं मोजकीच होती. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्या वर्षी त्याने बी भुरभुरलं आणि नुसता फवारा मारला. हिरवे ठिपके दिसले तेव्हा हा माणूस गुडघ्यांवर बसून हसत होता. काडेपेटीच्या काडीने एकेक रोप उचलून लावलं. गोगलगायींशी तर त्याचं हाडवैर. कामावर जायच्या आधी त्या वेचायचा, आल्यावर पुन्हा वेचायचा. पण हे झाड पहिल्या वर्षी फुलतच नाही. नुसती पानं धरतं, जमिनीला चिकटून, मऊ आणि लव असलेली. फूल दुसऱ्या उन्हाळ्यात. म्हणजे तिचे डोळे आणि ती पानं यांची शर्यतच लागली होती. थंडी संपता संपता डॉक्टर म्हणाले, अजून उजेड आहे, उन्हाळ्यापर्यंत तग धरेल. धाकटा घरी येऊन मला म्हणाला, "ताई, जमतंय. जमतंय बघ."

आणि तो दिवस आला. धाकटा कामावर, मी दवाखान्यात गुडघा दाखवायला. परत आले तर भावजय मागच्या पायरीवर बसलेली, हात मातीने भरलेले, चेहरा खुललेला. कित्येक महिन्यांत तिला घरात कुणी काम करू दिलं नव्हतं. भाजेल, कापेल म्हणून आम्हीच तिला बसवून ठेवलं होतं. मला म्हणाली, "वन्सं, गवत फार माजलं होतं. चाचपून चाचपून सगळं काढलं. फुलांना त्रास नको." भिंतीशी ढीग पडला होता. मुळं तुटलेली, पानं पार मलूल झालेली. ती फुलांचे उंच दांडे मनात धरून बसली होती. जमिनीलगतच्या पानांतून ते यायचेत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझं तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटा आला. ढिगातलं एक रोप उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत ठेवलं. मग म्हणाला, "छान केलंस. मोकळं झालं सगळं."

मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, सांग तिला."

"काय सांगू? तूच उपटलीस म्हणून सांगू? ताई, या बाबतीत तू तोंड उघडायचं नाहीस."

त्याने एक-दोन रोपं पुन्हा लावून पाहिली. ती सडली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, म्हणे. कुठल्या देवाने दिले असतील देव जाणे. आमच्याकडे होता तोही उजेड उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला. तिला खिडकी कुठे आहे तेवढंच कळायचं.

मग धाकट्याने फुलं फुलवायला सुरुवात केली. कामावरून आला की मागे जायचा, रिकाम्या वाफ्यासमोर उभा राहायचा, आत येऊन तिच्याजवळ बसायचा. "आज तीन दांडे वर आलेत. खालच्या घंटा उघडल्या. गुलाबी, जांभळ्याकडे झुकणाऱ्या." सगळं पाकिटावरच्या चित्रावरून. चित्र लांबून काढलेलं होतं, आणि खरं फूल त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. मी भाजी चिरत ऐकायची. संताप यायचा आणि रडूही यायचं.

एकदा तिने मध्येच विचारलं, "आणि आत? आत ठिपके आहेत?"

आमचा डागवाला तो. क्षणाचाही विचार न करता, अगदी अभिमानाने म्हणाला, "छे. एकही ठिपका नाही. धुतल्यासारखं स्वच्छ."



दुसऱ्या दिवशी तो गेल्यावर ती म्हणाली, "वन्सं, मला वाफ्यापर्यंत न्या." मी म्हटलं, शेवाळ आहे, पाय घसरेल. ती म्हणाली, "बरं, राहू द्या." थोड्या वेळाने म्हणाली, "मी काढलं ते गवत फार मऊ होतं. लव होती त्याला."

मला, मला एक शब्द सुचला नाही. तिला तेवढं पुरलं.

"आत ठिपके असतात, वन्सं. गडद, भोवती पांढरी कड. तेवढेच बघायचे होते मला." तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. तिने ते उलटे केले. "त्यांना कळू देऊ नका. दमून येतात आणि तरी किती मन लावून सांगतात."

संध्याकाळी तो आला, मागे गेला, परत येऊन शेजारी बसला आणि घसा खाकरला. त्याच्याआधी तीच बोलली. "अहो, आता गळायला लागली असतील ना?"

 मग त्याचे खांदे खाली आले. "हो. आज शेवटचीही गळली."

"मग झाडून घ्या. कुजली की फरशीवर डाग पडतात."

तो उठला, झाडू घेऊन अंगणात गेला आणि रिकामी फरशी झाडायला लागला, तिला ऐकू जाईल अशी, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती. आवाज थांबल्यावर मला म्हणाली, "वन्सं, त्यांना हात धुवायला सांगा. विषारी असतात ती."